हिरव्या पाण्याचा बंदोबस्त

निपाणीच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि वर्षभरातच मुलानं मला बेंगळूरला, जे. पी. नगरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. ‘आणून ठेवलं’ असंच म्हणायला हवं. सकाळी नऊ वाजले की मुलगा आणि सून आपापल्या लॅपटॉपसमोर बसत आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसे. खाली सोसायटीचं तळं दिसायचं. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात त्या तळ्यात कमळं फुललेली होती आणि काठावर एक बारीक बाई योगासनं करत होती. प्रत्यक्षात कमळंही नव्हती आणि बाईही नव्हती. लग्नाच्या एखाद्या हॉलएवढं, कंबरभर खोल पाणी, ग्रॅनाइटचा काठ, दहा-बारा लाल-पांढरे मासे आणि चहूबाजूंनी हिरवळ, एवढाच ऐवज. त्यातली हिरवळ म्हणजे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा जीव की प्राण. ते म्हैसूरचे, निवृत्त इंजिनियर. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. हिरवळीवर कुणी चप्पल घालून पाय ठेवला तर त्यांना चौथ्या मजल्यावरून कळायचं.

कानडी मला चांगली येते. पण ती आमच्या सीमाभागातली, वाक्यावाक्याला ‘री’ लावणारी. इथल्या लोकांना ती ऐकली की विनोदी सिनेमातला गावाकडचा काका आठवतो. लिफ्टमध्ये मी ‘हो’ म्हणायला ‘हौद्री’ म्हटलं की शेजारीण आरशाकडे तोंड करून हसे. म्हणून पहिले काही महिने मी दोनच ठिकाणी बोलत होते. एक तळ्यातल्या माशांशी आणि दुसरं बाग बघणाऱ्या अक्काशी. अक्का रायचूरकडची. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, पण सगळे तिला अक्का म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. पहिल्यांदा मी तिला सहज विचारलं, “ऊटा आतेन्री?” म्हणजे जेवलात का. तिनं हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहता खाली टाकला आणि म्हणाली, “अम्मा, तुम्ही कुठल्या गावच्या?” त्या दिवशी अध्यक्षांच्या हिरवळीचा एक कोपरा चांगलाच भिजला. तेव्हापासून आमचं जमलं. आमचं सगळं बोलणं कानडीत व्हायचं, इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

मार्च उजाडला आणि तळं हिरवं होऊ लागलं. आधी मुगाच्या पाण्यासारखं, मग पालकाच्या सुपासारखं. एके दिवशी सकाळी बाल्कनीतून पाहिलं तर एका कोपऱ्यात निळसर हिरवी साय आली होती. मला वाटलं, कुणीतरी उरलेला रंगाचा डबा तळ्यात ओतला. खाली जाऊन वाकून पाहिलं आणि ओळख पटली. नीलहरित शैवाल! आठवीच्या पुस्तकातलं. म्हणायला शेवाळ, पण खरं म्हणजे जिवाणूंची जात. सत्तावीस वर्षं मी ते फळ्यावर खडूनं काढलं होतं, समोर एवढ्या दिमाखात कधी भेटलं नव्हतं. मला जुना विद्यार्थी भेटल्याचा आनंद झाला. पण तो वास मात्र कोणत्याही पुस्तकात नव्हता. कुजलेलं गवत आणि दलदल एकत्र शिजत ठेवावी तसा.

चार दिवसांनी अध्यक्षांचा लॅब्राडोर कुत्रा फिरता फिरता ते पाणी प्यायला. दुपारपर्यंत त्यानं तीन वेळा उलट्या केल्या आणि पाय गाळून बसला. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हिरवं पाणी प्यालाय का कुठं?” दोन दिवस सलाइन लावल्यावर कुत्रा बरा झाला. अध्यक्ष मात्र त्याहून जास्त खचले होते. त्यांनी त्याच रविवारी क्लबहाऊसमध्ये बैठक बोलावली.

बैठकीला मी सुनेच्या आग्रहानं गेले. सून पुण्याची, कामाला वाघ. “आई, तुम्ही सायन्स टीचर आहात, चला ना. नाहीतर तिथं सगळे फक्त ओपिनियन देतात,” ती म्हणाली. आणि खरंच तसंच चाललं होतं. एक जण म्हणाला, सगळं पाणी काढून नवीन भरा. त्याला आठवण करून देण्यात आली की आपल्याला अंघोळीलाही टँकर लागतो. दुसरा म्हणाला, वरून सिमेंट टाका आणि बॅडमिंटन कोर्ट करा. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की त्यांच्या मेहुण्याच्या सल्ल्यानं ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकणार आहेत. एका दिवसात शेवाळ मरेल.

मोरचूद म्हटल्यावर माझा हात आपोआप वर गेला. सत्तावीस वर्षं मुलांना हात वर करायला लावल्यावर अशीच सवय लागते.

“टाकू नका री सर,” मी म्हटलं. “ते एकदम मेलं तर त्याच्या पोटातलं विष सगळं पाण्यात उतरेल. आणि मासे मरतील ते वेगळेच.”

“मग काय करायचं, मॅडम?”

“झाडं लावायची. पाण्यातली. शेवाळ ज्या नत्रावर नि स्फुरदावर पोसतं ते झाडांनी आधी खाऊन टाकलं, आणि वर पानांची सावली पडली, की शेवाळाची उपासमार होते. वेळ लागतो, पण होते.”

सगळे माझ्याकडं वळून बघू लागले. मला वाटलं, माझ्या कानडीला हसायला दम घेताहेत. पण अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, “व्हेरी गुड. तळ्याची जबाबदारी मॅडमकडे.” टाळ्या पडल्या. दोन मिनिटांत क्लबहाऊस रिकामं झालं. लोक इतक्या लगबगीनं घरी गेले की मला ‘नको’ म्हणायला समोर कुणी उरलं नाही. सून तेवढी शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

यापुढं जे मी केलं ते सांगताना आजही मला लाज वाटते. पुढच्या रविवारी मी आणि सून शहराच्या कडेच्या एका तलावावर फिरायला गेलो. तिथं यंत्रानं पाण्यातून जलपर्णी काढून काठावर तिचे ढीग घातले होते. जलपर्णी म्हणजे ती फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची वनस्पती. जगातल्या निम्म्या तलावांना तिनं जीव नकोसा केला आहे. ‘पाण्याची वैरीण’ या मथळ्याखाली मी ती दरवर्षी शिकवली. पण त्या दिवशी ढिगावर फुलं आली होती, मोरपिसासारखा डोळा असलेली. सून म्हणाली, “आई, किती क्यूट आहे! आणि फ्रीमध्ये आहे?” माझ्याही मनात आलं, नत्र-स्फुरद खाण्यात हिचा हात कुणी धरत नाही. पाचच रोपं नेली आणि नीट लक्ष ठेवलं तर काय बिघडणार आहे? आम्ही गाडीतली बादली काढली.

तळ्यात रोपं सोडताना अक्का खुरपं घेऊन शेजारी उभी होती.

“ब्याड्री अम्मा,” ती म्हणाली. म्हणजे नको. “आमच्या गावच्या कालव्यात हे आलं होतं. एकदा आलं की सोडत नाही.”

“अक्का, मला माहीत आहे. मी शाळेत शिकवलंय हे.”

“मग पोरांना काय सांगितलंत?”

मी पाचवं रोप पाण्यात सोडलं.

पहिला महिना फार छान गेला. पाचाची दहा झाली, दहाची वीस झाली. फुलं आली. लोक फोटो काढू लागले. कोपऱ्यातली निळी साय नाहीशी झाली. लिफ्टमधली शेजारीण मला “सूपर, आंटी” म्हणाली. मे संपता संपता अध्यक्ष जरा काळजीत दिसले.

“मॅडम, अर्धं तळं झाकलं.”

“अजून अर्धं मोकळं आहे, सर,” मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. “पाचावरून इथवर यायला केवढे दिवस लागले! महिनाभर तरी बघायला नको.”

त्या दुपारी भांडी जागेवर लावत असताना माझ्या हातातून झारा पडला. मला माझंच एक कोडं आठवलं. एक पाणवनस्पती ठरावीक दिवसांत दुप्पट होते, तर अर्धं भरलेलं तळं पूर्ण भरायला किती वेळ लागेल? दरवर्षी मी ते वर्गात घालायची, मुलं दरवर्षी चुकायची आणि मी दरवर्षी त्यांच्याकडं दयेनं बघायची. उत्तर असं आहे की फक्त एकदा दुप्पट व्हायला लागेल तेवढाच.

आणि तसंच झालं. मी नि अक्का रोज टोपलीभर उपसत होतो, पण जूनच्या मध्यावर पाण्याचा एक ठिपका दिसेना. पानांनी ग्रॅनाइटचा काठही झाकला होता, वरून बघितलं तर हिरवळ कुठं संपते आणि तळं कुठं सुरू होतं हे कळत नव्हतं. खाली माशांचा जीव गुदमरत होता, पानांच्या फटीतून ते तोंडं वर काढत होते. डासांबद्दल व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तक्रारी येत. मी ग्रुप उघडायचंच सोडून दिलं.

त्या आठवड्यात शेजारच्या एका सोसायटीची चार-पाच मंडळी आमची बाग बघायला आली. अध्यक्ष स्वतः त्यांना फिरवत होते. पाहुण्यांकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल मागं टाकत ते माहिती देत होते. मी आणि अक्का पलीकडच्या बाजूला टोपली भरत होतो. “आणि ही आमची हिरवळ,” असं म्हणत त्यांनी आणखी एक पाऊल मागं टाकलं. ते पाऊल जलपर्णीवर पडलं.

आवाज फारसा झाला नाही. हिरव्या गादीला एक भोक पडलं आणि अध्यक्ष त्यात उभेच्या उभे गेले. कंबरभर पाण्यात ते ताठ उभे होते, चष्मा जागेवर, एका खांद्यावर जांभळं फूल. मी मनातल्या मनात निपाणीची बस पकडली. पण त्या माणसाला मी मानते. त्यांनी घसा खाकरला आणि पाहुण्यांना त्याच सुरात सांगितलं, “आणि ही आमची जलवनस्पतींची योजना. ती मॅडम बघतात.” असं म्हणून त्यांनी ओल्या हातानं माझ्याकडं बोट दाखवलं. पाहुण्यांनी मला नमस्कार केला. मीही केला. अक्का टोपलीत तोंड घालून हसत होती.

पुढच्या रविवारी सगळ्या सोसायटीनं तळं उपसलं. एरवी भाजीची पिशवीही वर न नेणारी आयटीतली पोरं-पोरी गुडघ्यापर्यंत पँट वर करून कंबरभर पाण्यात उतरली. सून सगळ्यात पुढं. दिवसभरात केवढा तरी ढीग निघाला. अक्कानं त्याचा एक तुकडाही बाहेर जाऊ दिला नाही, मागच्या बाजूला खड्डा करून सगळ्याचं खत घातलं. मी कोपऱ्यात उभी राहून राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी अध्यक्षांसमोर ती बोलूनही दाखवली.

“मॅडम,” ते म्हणाले, “राजीनामा कशाला? दुसरं कोण आहे?”

अशी मी पदावर राहिले. आणि तीन आठवड्यांत पाणी पुन्हा मुगाच्या पाण्यासारखं दिसू लागलं.

मी काठावरच्या बाकावर हताश होऊन बसले होते. अक्का येऊन खाली बसली. म्हणाली, “अम्मा, राग मानू नका. झाडं लावा, पण आधी ह्याला खायला घालणं बंद करा.”

“कोण घालतंय खायला?”

अक्का माझ्या हाताकडं बघत राहिली. माझ्या हातात स्टीलची वाटी होती आणि वाटीत सकाळचे उरलेले पोहे होते. रोज मी ते माशांना घालायची. रोज! अगदी त्या क्षणीही एक मूठ टाकून झाली होती.

“तुम्ही एकट्या नाही,” अक्का समजुतीनं म्हणाली. मग तिनं बोटांवर मोजून दाखवलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा इडली. दुसऱ्या मजल्यावरून चित्रान्न, तेही शेंगदाण्यांसकट. शनिवारी मारुतीच्या प्रसादाचं पोंगल. मुलांच्या वाढदिवसाला केक. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं तळाशी कुजतं आणि शेवाळाचं फावतं. “आणि सगळ्यात जास्त घालते मी,” ती म्हणाली.

“तू काय घालतेस?”

“मी हिरवळीला युरिया नि डीएपी घालते. सरांनी सांगितलंय, महिन्यातून दोनदा. पाऊस पडला की सगळं धुऊन तळ्यात जातं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. मी आठ-नऊ महिने वरून बघत होते आणि झाडं कुठली लावायची यावर रात्रंदिवस वाचत होते, पण तळ्याच्या पोटात काय पडतं याची चौकशी केली नव्हती. अक्काला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला विचारलं, “मग बैठकीत का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “मला कोण बोलावतंय बैठकीला?”

अध्यक्षांना गाठणं भाग होतं. या खेपेला मी अक्काला बरोबर घेऊन गेले आणि तिलाच बोलायला लावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सरी, स्वल्प कमी करू,” ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे, थोडं.

“स्वल्प नाही सर,” मी म्हटलं. “बंद.”

त्यांनी खिडकीतून हिरवळीकडं असं पाहिलं, जसं मुलीला सासरी पाठवायचं आहे. दोन दिवस विचार करतो म्हणाले. दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. तळ्यात अन्न टाकू नये, हिरवळीला रासायनिक खत घालणार नाही. खाली सही, आणि सहीखाली कंसात ‘जड अंतःकरणानं’ अशा अर्थाचे दोन कानडी शब्द.

आता झाडांची निवड मी अक्कावर सोपवली. तिची बहीण तुमकूरकडं दिली आहे, तिच्या सासरी चिखलाच्या वावरात बजे पिकवतात. बजे म्हणजे आपलं वेखंड. ते पाण्यात पाय सोडून आनंदानं वाढतं. वेखंडाच्या मुळांतून काही द्रव्यं पाण्यात उतरतात आणि ती शेवाळाला मानवत नाहीत, असं मीही कुठंतरी वाचलं होतं. अक्कानं गोणीभर कंद आणले. रोपवाटिकेतून वाळ्याची रोपं आणली. प्लंबरच्या खोलीत पडलेले जुने पाइप आम्ही चौकटीसारखे जोडले, त्यांची तोंडं बंद केली, मधे शेतकरी वापरतात ती हिरवी जाळी ताणून बांधली आणि तिच्यात नारळाच्या काथ्यात गुंडाळून रोपं बसवली. वर पानं, खाली पाण्यात लोंबणारी मुळं. तीन तराफे तयार झाले. पहिला तराफा पाण्यात सोडल्यावर हळूच एका अंगावर कलला आणि उलटा झाला. वेखंड पाण्याखाली आणि मुळं आभाळाकडं. सून म्हणाली, “आई, हे फीचर आहे की बग?” मग तिनंच रिकामे पाण्याचे कॅन चार कोपऱ्यांना बांधले. त्यानंतर तराफे सरळ राहिले.

पाण्याच्या आत वाढणारंही काहीतरी हवं होतं. मला जी वनस्पती पाहिजे होती ती मांजराच्या शेपटीसारखी झुपकेदार असते आणि मूळ न धरता पाण्यात नुसती लोंबत वाढते. शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते. शिवाजीनगरच्या बाजारात तशी दुकानं आहेत, म्हणून मी आणि सून तिथं गेलो. दुकानदारानं एक छोटी जुडी काढून पुढं धरली.

“आंटी, टँक कितना बडा है?”

“हॉल जितना,” मी म्हटलं.

“कौनसा हॉल?”

“शादी का.”

त्यानं मागच्या खोलीतून भावाला हाक मारून बोलावलं. दोघांनी मला नीट पाहून घेतलं. मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, “आंटी, उसमें मछली कौनसी पाल रहे आप?” त्याला बहुतेक मगर वगैरे वाटली असावी. सून हसून हसून काचेच्या टाकीला टेकली, तेव्हा दोघं भाऊ त्या टाकीकडं धावले.

शेवटी सहा मोठ्या पिशव्या भरून माल मिळाला. रिक्षात पायाशी, मांडीवर, सगळीकडं पाण्याच्या पिशव्या. रिक्षावाल्यानं आरशातून तीनदा बघितलं आणि न राहवून विचारलं, “अम्मा, कसली सोप्पु ही?” सोप्पु म्हणजे पालेभाजी. मी सांगितलं की ही खायची नाही, ही तळं स्वच्छ करते. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मग हुळी-सारूत घातली तर पोट स्वच्छ होईल का?” हुळी-सारू म्हणजे इथली आमटी नि सार. घर येईपर्यंत त्याला त्या कल्पनेपासून परावृत्त करण्यात माझा वेळ गेला.

पावसाळाभर झाडं जोमानं वाढली. दर पंधरा दिवसांनी अक्का वाळा नि वेखंड कापून खताच्या खड्ड्यात टाकायची, म्हणजे खाल्लेलं नत्र-स्फुरद पाण्यातून कायमचं बाहेर. माझं आता जमतंय असं मला वाटायला लागलं, आणि त्याच सुमारास वेखंड कमी होऊ लागलं. वरची पानं शाबूत, पण कंद गायब. कधी एका टोकाचा, कधी दुसऱ्या. आधी उंदीर वाटले, मग खेकडे. अक्का म्हणाली, “सुरीनं कापलेलं दिसतंय, अम्मा. तुमच्या खेकड्याकडं सुरी आहे.”

मी दोन दिवस सकाळी बाल्कनीतून पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी चोर सापडला. पाचव्या मजल्यावरची चेन्नईची आजी. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली, नऊवारीसारखं नेसलेली, काठावर पालथी पडून काठीच्या आकड्यानं तराफा ओढत होती. मी जिना उतरून धावत गेले. ती अजिबात घाबरली नाही. कंद दाखवून म्हणाली, “वसंबू! पाप्पाक्कु.” बाळासाठी. तमिळ मला येत नाही, पण एवढं कळायला भाषा कशाला लागते? निपाणीत माझ्या मुलाला मीही सहाणेवर वेखंड उगाळून चाटवलं होतं. आजकालचे डॉक्टर नको म्हणतात, ते तिला सांगायचं कुठल्या भाषेत, हा माझ्यापुढं प्रश्न पडला. तेवढ्यात तिनं खुणेनं सांगितलं की ती एकटी नाही. सोसायटीत त्या वर्षी सहा बाळं जन्मली होती आणि सहाही घरांत आज्या येऊन राहिल्या होत्या. आंध्रची, केरळची, हुबळीची, एक तर साताऱ्याची निघाली आणि मला पत्ताच नव्हता. प्रत्येकीकडं वेखंडाला वेगळं नाव होतं आणि प्रत्येकीनं ते तळ्यावरून ओळखलं होतं.

दुपारी मी सहाही आज्यांना बाकावर बोलावलं. साताऱ्याच्या आजींनी मराठीतून मलाच झापलं. “अहो, एवढं चांगलं वेखंड तुम्ही पाण्यात लोंबत ठेवलंय, आणि आम्ही घ्यायचं नाही?” मी त्यांना सगळी कहाणी सांगितली. हिरवं पाणी, कुत्रा, जलपर्णी, अध्यक्षांची बुडी. बुडी त्यांनी पुन्हा सांगायला लावली आणि आपापल्या भाषेत एकमेकींना हातवाऱ्यांनी समजावली. त्यानंतर कंदाला कुणी हात लावला नाही. अक्कानं बाजूला एका मोठ्या टबात स्वच्छ चिखलात वेखंड लावून दिलं, त्यावर फक्त आज्यांचा हक्क. बाळांना ते कितपत दिलं गेलं मला माहीत नाही. साताऱ्याच्या आजी म्हणाल्या की त्या फक्त उगाळून बाळाच्या टाळूवर लावतात. मी पुढं विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी काठावर जाऊन वाकून बघत होते. मार्च गेला. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी हिरवी साय दिसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अक्कानं एक तराफा ढकलत त्या कोपऱ्यात नेऊन बांधला. आठवड्याभरात ती साय विरली. ती झाडांमुळं गेली, की युरिया बंद केल्यामुळं, की पोहे बंद केल्यामुळं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वर्गात असते तर म्हटलं असतं की तिन्ही एकदम बदलल्यावर प्रयोग बाद. पण वर्गात नव्हते, त्यामुळं मी सुनेला मिठी मारली.

अध्यक्ष थोडे नाराज होते. पाणी निळंशार होईल अशी त्यांची अपेक्षा होती. ते फिक्या चहाच्या रंगाचं झालं होतं, आणि त्यातून तळाशी फिरणारे मासे दिसत होते. “माहितीपत्रकात असं नव्हतं,” ते म्हणाले. मग पावसात बेडूक आले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका इसमानं ग्रुपवर लिहिलं की बेडकांच्या आवाजानं त्याच्या मीटिंग होत नाहीत, त्यांना दुसरीकडं हलवावं. अध्यक्षांनी उत्तर दिलं, “तळ्यातले रहिवासी मॅडमच्या अखत्यारीत आहेत.” मी लिहिलं, अर्ज द्यावा, बेडकांपुढं ठेवीन. त्यावर छत्तीस अंगठे आले. त्यातले दोन अजून इथंच मुक्कामाला असलेल्या चेन्नईच्या आजींनी लेकीच्या आणि जावयाच्या अशा दोन्ही फोनवरून दिले होते, असं नंतर कळलं.

ऑगस्टमध्ये मधल्या तराफ्यावरच्या वाळ्यात पाणकोंबडीनं घरटं केलं. काळी पाठ, पांढरी छाती, आणि सतत घाईत असल्यासारखी शेपटी उडवणारी. पिल्लं बाहेर आली तोवर कापणीची वेळ झाली होती, नाही कापलं तर वाळा कलंडला असता. यावर रीतसर बैठक झाली, आणि या वेळी अक्काला खुर्ची होती. तिनं तीन वाक्यांत सांगितलं की कडेकडेनं कापते, मधला झुपका ठेवते, आणि त्या वेळी कुणी काठावर उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. अध्यक्षांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडीचा काचा मारून पाण्यात उतरली. विळा दातांत, दोन्ही हात तराफ्यावर. मी काठावर तराफ्याची दोरी धरून बसले. झुपक्यातून चार काळी पिल्लं, काजळी धरलेल्या वातींसारखी, एकामागून एक बाहेर डोकावली आणि परत आत गेली. अक्कानं मान वळवून, विळ्यामागून कसंबसं बोलत मला दटावलं, “दोरी घट्ट धरा री अम्मा, हलतंय.”